रडारवरच्या मरायकाबाई

आमच्या शेजारच्या मरायकाबाई विमान गेलं तरी कधी वर बघत नसत. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपमध्ये राहणाऱ्या माणसाच्या ही गोष्ट लगेच लक्षात येते, कारण विमानतळ इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि वारा फिरला की दिवसभर डोक्यावरून विमानं जात असतात. आम्ही नवीन होतो तेव्हा मी तर प्रत्येक विमानाकडे मान वर करून बघायची. हे मुंबईचं असेल का, आत्ता यात बसलेला कोणीतरी उद्या सकाळी पुण्यात चहा पीत असेल का, असलं काहीतरी मनात यायचं. बाई मात्र त्यांच्या चिमुकल्या बागेत वाकून फरशीच्या फटींतलं गवत उपटत असायच्या. विमानाच्या आवाजाने आमच्या खिडकीची काच थरथरायची, पण त्यांची मान काही हलायची नाही.

एकदा मी न राहवून विचारलं. त्या म्हणाल्या, "वर बघून काय दिसणार? पोट दिसतं. मी एकोणतीस वर्षं खाली बघून विमानं पाहिली आहेत."

मला वाटलं, माझ्या डचचा नेहमीसारखा घोळ झाला. पण त्या खरंच तसं म्हणाल्या होत्या. मरायकाबाई इथल्या हवाई दलातून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं काम वेलुवेच्या जंगलात, जमिनीखालच्या एका बिनखिडकीच्या खोलीत चालायचं. समोर रडारचा पडदा, कानाला हेडफोन. पडद्यावरचा ठिपका म्हणजे विमान आणि त्यातला माणूस म्हणजे कानातला आवाज. त्या आवाजाला किती उंचीवर जायचं, कुठे वळायचं, समोर कोण आहे, हे सांगायचं. एवढ्या वर्षांत लढाऊ विमानाला त्यांनी हात लावला तो दोनदाच, आणि तोही हवाई दलाच्या तळावर घरच्यांना बोलावतात त्या दिवशी, दोरीच्या अलीकडून.

आमची ओळख झाली तीही आवाजावरूनच. घराच्या किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी मी आणि निखिल, माझा नवरा, गादी आत ओढत होतो. कुंपणापलीकडून प्रश्न आला, "नाव काय?" मी म्हटलं, "प्राची." इथे हे नाव लिहून दाखवलं की लोक 'प्राखी' म्हणतात, हे तोवर माझ्या अंगवळणी पडलं होतं. पण या बाईंनी अक्षरं विचारली. मी एकेक अक्षर सांगत गेले आणि त्या आपल्या हवाई दलाच्या भाषेत ती जुळवत गेल्या, "पापा, रोमिओ, अल्फा, चार्ली, होटेल..." आणि शेवटच्या 'आय'ला थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. "इंडिया," त्या म्हणाल्या. "हे तर सोपं निघालं."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी इंडिया झाले. मी त्यांना नावानेच हाक मारायची, इथे तसंच चालतं. पण घरात आम्ही दोघं त्यांना 'बाई' म्हणायचो. शाळेतल्या बाईंबद्दल वाटतो तसा धाक त्यांच्याबद्दल वाटायचा. उंच, सडसडीत, पांढरे केस कानाच्या वर कापलेले, आणि आवाज असा की त्या हळू बोलल्या तरी शब्दन् शब्द वेगळा ऐकू यावा. सत्तरी गाठली तरी त्या आवाजाला वय चिकटलं नव्हतं.

त्यांच्या एका सवयीने सुरुवातीला मला वैताग यायचा. काहीही सांगितलं की त्या ते परत म्हणून दाखवायच्या, आणि समोरच्यानेही तसंच करावं अशी त्यांची अपेक्षा असायची.

"इंडिया, उद्या मंगळवार. हिरवा कचऱ्याचा डबा बाहेर. साडेसातच्या आत."

"हो, ठीक आहे."

"ठीक आहे म्हणजे काय?"

"उद्या मंगळवार. हिरवा डबा. साडेसातच्या आत."

"बरोबर," म्हणून त्या आत जायच्या. मी चिडून निखिलला सांगायची की ही बाई मला काय पहिलीतली मुलगी समजते का. तो म्हणायचा, "तुमच्या ऑफिसमधल्या लोकांना ही सवय असती तर निम्म्या मीटिंगा वाचल्या असत्या." मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, त्यामुळे मला गप्प बसावं लागलं.

स्वयंपाकघरातलं त्यांचं घड्याळ कायम मागे असायचं, हिवाळ्यात एक तास, उन्हाळ्यात दोन. ते ग्रिनिचच्या वेळेवर लावलेलं होतं. "हवेत प्रत्येक देशाची वेगळी वेळ धरली तर विमानं एकमेकांवर आपटतील," हे त्यांचं म्हणणं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आता कुठे वेळ जुळवायची आहे, असं कोणी विचारलं की त्या फक्त खांदे उडवायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. एक भाऊ होता, तो गेला. भाचा परदेशात होता आणि नाताळला कार्ड पाठवायचा. घरात त्यांचं म्हणून बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्यांनी इथल्या रीतीने दिवाणखान्यात खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. दहा होत्या. आम्ही दोघं गेलो, समोरच्या घरातली आजी आली, आणि एक जाड भिंगांचा चष्मा लावलेले निवृत्त गृहस्थ आले. हे बाईंच्या शेजारच्या पडद्यासमोर अकरा वर्षं बसले होते. बाईंनी त्यांना खिडकीपाशी बसवलं, जरा वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "उजेडात तू वेगळाच दिसतोस." सगळे हसलो. उरलेल्या खुर्च्या तशाच राहिल्या, आणि बाईंनी त्या उचलल्याही नाहीत. केक कापून झाल्यावर मी सहज विचारलं, "वैमानिक नाही कोणी आले?"

"ते मला ओळखत नाहीत," त्या म्हणाल्या. "माझा आवाज ओळखतात."

मग त्यांनी सुपरमार्केटातली गोष्ट सांगितली. नोकरीत असतानाची. रांगेत त्यांच्या पुढे एक टक्कल पडत आलेला माणूस उभा होता आणि काउंटरवरच्या मुलीला चीज जरा पातळ काप म्हणून सांगत होता. सहा वर्षं रोज ऐकलेला आवाज होता तो. त्या माणसाला सर्दी कधी झाली, मुलगी कधी झाली, तो कधी घाबरला आणि घाबरल्याचं लपवलं, सगळं त्यांना त्या आवाजातून कळलेलं होतं.

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काहीच नाही. काय सांगणार? मी ती बाई, जी तुला डावीकडे वळ म्हणते, असं?" त्यांनी बशीतला केकचा चुरा बोटाने गोळा केला. "त्याचं चीज झालं, तो गेला. मी ब्रेड घेतला."

त्यांच्या कामाचा अर्थ मला खरा कळला तो एका दुपारी. मी घरून काम करत होते. अचानक धाडकन असा आवाज झाला की टेबलावरचा कप बशीत नाचला. मला वाटलं कुठेतरी स्फोट झाला. मी तशीच चपला न घालता बाहेर धावले. ओळीतली सगळी दारं उघडली होती. बाई बागेत उभ्या होत्या, हातात झारी, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"गेले," त्या म्हणाल्या. "दोन."

"कोण दोन?"

त्यांनी झारी खाली ठेवली. कुठलं तरी प्रवासी विमान रेडिओवर उत्तर देत नसणार, त्या म्हणाल्या. बहुतेक वेळा वैमानिकाने रेडिओच्या लहरीचा चुकीचा आकडा लावलेला असतो, बाकी काही नसतं. पण खालच्या माणसाला ते कळायला मार्ग नसतो. म्हणून दोन लढाऊ विमानं दिवसरात्र तयार ठेवलेली असतात. ती काही मिनिटांत वर जातात, त्या विमानाच्या शेजारी जाऊन खिडकीतून बघतात. घाईचा प्रसंग असेल तर आवाजापेक्षा वेगाने जायची परवानगी मिळते आणि मग खाली लोकांच्या कपबशा नाचतात.

"दोनच? अख्ख्या देशाला?"

"देश केवढा आहे, इंडिया? तुझा चहा गार व्हायच्या आत विमान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातं." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि नेहमी आपलीच दोन असतात असंही नाही. काही महिने आपण, काही महिने बेल्जियमवाले. त्यांची पाळी असली की त्यांची विमानं आपलं आभाळ बघतात. आपली असली की आपण त्यांचं."

मला ते पटेचना. जिथे आपल्या देशाचं आभाळ म्हटलं की छाती फुगवायची सवय, तिथून मी आलेली. आपलं आभाळ दुसऱ्याच्या हवाली करायचं, तेही पाळी लावून? माझा चेहरा बघून बाई माझ्या मागोमाग आमच्या स्वयंपाकघरात आल्या. "तुला सगळी रचना समजावून सांगते," म्हणून त्यांनी ओट्यावरचा मसाल्याचा डबा ओढून घेतला आणि झाकण काढलं.

"हे लाल काय?"

"तिखट."

"ही लढाऊ विमानं. सगळे यांच्याबद्दलच बोलतात. थोडीच असतात आणि फार महाग असतात." हळद म्हणजे हेलिकॉप्टरं. ती सगळ्याला लागतात. सैनिक न्यायला, जंगलाला आग लागली तर पाणी टाकायला, पूर आला तर छपरावरून माणसं उचलायला. धने-जिऱ्याची पूड म्हणजे सामान वाहणारी विमानं, त्यांना कोणी टाळ्या वाजवत नाही. हवेत इंधन भरणारी मोठी विमानं एकट्याला परवडत नाहीत, म्हणून ती अनेक देशांनी मिळून घेतली आहेत आणि ज्याला जितके तास हवेत तितके तास तो वापरतो. शिकाऊ वैमानिकांना अमेरिकेत पाठवतात, कारण चुका करायला इथलं आभाळ पुरत नाही. मोहरी म्हणजे जमिनीवरचे लोक, मेकॅनिक, पहारेकरी, आग विझवणारे. सगळ्यात जास्त संख्या त्यांची. "लहान देशाला एकट्याने काही करता येत नाही, इंडिया. म्हणून आपण सगळं आधी विचारतो, मग वाटून घेतो."

"आणि तुम्ही यात कुठे?"

त्यांनी सगळ्या वाट्यांवरून नजर फिरवली. मग डब्याबाहेर ठेवलेली हिंगाची छोटी डबी उचलली, उघडून नाकाशी नेली आणि तोंड वाकडं करून लगेच बंद केली. "ही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांपासून वेगळी ठेवलेली."

एवढं वाटून घेण्याबद्दल बोलणाऱ्या या बाईंनी स्वतः मात्र कधी कोणाकडे काही मागितलं नाही. कमरेत उसण भरली तेव्हा त्या तीन दिवस जिना न चढता खालच्या दिवाणखान्यातच झोपल्या, पण आम्हाला सांगितलं नाही. मी रागावले तर म्हणाल्या, "तुम्ही कामात होतात." म्हणून मार्चमधल्या एका सकाळी त्या आमच्या दारात येऊन "माझं एक काम आहे" म्हणाल्या तेव्हा मी हातातलं काम तसंच टाकून त्यांना आत बसवलं.

त्यांच्या हातात कात्रण होतं. हवाई दलातल्या निवृत्तांसाठी एक पत्रिका निघते, तिच्या शेवटच्या पानावरचं. घडीवर घडी घालून ते मऊ पडलं होतं. उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातल्या आनेका नावाच्या बाईंनी चार ओळी छापल्या होत्या. माझे पती यान यांचं विमान समुद्रावर नाहीसं झालं, त्या दिवशी कामावर असलेलं कोणी हे वाचत असेल तर कृपया फोन करावा. माझी कोणाबद्दल तक्रार नाही. मला फक्त ऐकायचं आहे.

"त्या दिवशी पडद्यासमोर मी होते," बाई म्हणाल्या.

हे कात्रण त्यांच्याकडे वर्षभर पडून होतं. मी चहा केला. तो तसाच राहिला. बाई खिडकीकडे पाठ करून बसल्या आणि बोलायला लागल्या.

सरावाचं साधं उड्डाण होतं. संपत आलं होतं. यान एकटाच परत येत होता. धीराचा, विश्वासाचा वैमानिक. त्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज ओळखीचा होता. परतीच्या वाटेवर तो मध्येच म्हणाला, "खाली पाऊस आहे का? घरी दोरीवर कपडे आहेत."

"रेडिओवर असलं बोलायचं नसतं," बाई म्हणाल्या. "पण तसं कधीमधी बोलायचे ते. आणि मला माहीतही नव्हतं. आमच्या खोलीला खिडकी नव्हती. मागे वळून कोणाला तरी विचारता आलं असतं. एक मिनिट लागलं असतं. मी विचारलं नाही. मी त्याला फक्त दिशा सांगितली. त्याने ती परत म्हणून दाखवली. एकही अक्षर चुकलं नाही त्याचं. मग ठिपका गेला."

मी गार झालेला चहा बाजूला सरकवला.

"मी हाका मारत राहिले. माझा वरिष्ठ मागे येऊन उभा राहिला. तो म्हणाला, पुरे. मी मारत राहिले. शेवटी त्याने माझ्या कानावरून हेडफोन काढून घेतला."

विमान कशाने पडलं ते कधीच कळलं नाही. चौकशी नीट झाली, कोणाला दोष दिला गेला नाही. बाईंना वेळा विचारल्या, उंची विचारली, दिशा विचारल्या. त्यांनी सगळं सांगितलं. कपड्यांबद्दल कोणी विचारलं नाही. "पहिल्या आठवड्यात त्याच्या बायकोला जाऊन सांगितलं असतं तर चाललं असतं. पाच वर्षांनी सांगायची लाज वाटली. मग तीस झाली, जास्तच." त्यानंतर त्यांनी कोणाचंही वाक्य परत म्हटल्याशिवाय सोडलं नाही, हे त्या बोलल्या नाहीत. ते मला त्या टेबलाशी बसल्या बसल्या कळलं, आणि कचऱ्याच्या डब्यावरून आपण किती चिडलो होतो ते आठवून मान खाली गेली.

"फोन तू कर," त्या म्हणाल्या. "मी आयुष्यभर बोलण्याचा पगार घेतला. हा एक फोन मला करता येत नाही."

माझं डच तेव्हा दुकानात आणि डॉक्टरकडे चालेल इतपतच होतं. मी नंबर फिरवला. बाई समोर ताठ बसल्या होत्या. पलीकडून बायकी आवाज आला आणि पाठ केलेलं सगळं मी विसरले. कसंबसं म्हणाले, "माझी शेजारीण. ती तुमच्या यानशी बोलली होती. त्या दिवशी. शेवटी."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"ती आहे का तिथे?"

"आहे."

"तिला सांगा, शनिवारी या."

शनिवारी मी गाडी काढली. निखिल म्हणाला होता की मीही येतो, पण बाईंनी मान हलवली. उत्तरेकडच्या, समुद्र अडवणाऱ्या त्या लांबलचक बांधावरून जाताना दोन्ही बाजूंना नुसतं राखाडी पाणी होतं. पेट्रोलपंपावर त्यांनी ट्युलिपचा गुच्छ घेतला, मग मांडीवर ठेवून त्याकडे असं बघत बसल्या की जणू तो कोणी दुसऱ्यानेच दिला आहे. गावात शिरल्यावर एकदाच म्हणाल्या, "सुरुवात कशी करायची?"

"आधी नाव सांगा," मी म्हटलं.

आनेका ठेंगण्या, गुबगुबीत, गालांवर लाली असलेल्या निघाल्या. त्यांच्या पायात एक म्हातारा कुत्रा घुटमळत होता. दुसरं लग्न केलेलं, तो नवराही गेलेला. मुलं मोठी झालेली. यानचा फोटो भिंतीवर इतर फोटोंच्या गर्दीत होता. मरायकाबाई त्याच्यापुढे थांबल्या. तो चेहरा त्या पहिल्यांदा बघत होत्या. "मला वाटायचं, केस काळे असतील," एवढंच म्हणाल्या.

मग कॉफी झाली आणि बाईंनी खुर्चीच्या कडेला बसून अहवाल द्यायला सुरुवात केली. अगदी अहवालच. अमुक वेळ, अमुक उंची, अमुक दिशा. आनेका मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. दिशेपाशी येऊन बाई थांबल्या.

"त्याच्या आधी त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता. मी उत्तर दिलं नाही."

"काय विचारलं?"

"खाली पाऊस आहे का. घरी दोरीवर कपडे आहेत."

आनेकांनी तोंडावर हात नेला. मला वाटलं त्या रडणार. पण त्या हसत होत्या. हसता हसता डोळे वाहत होते, कुत्रा उठून उभा राहिला होता, आणि त्या म्हणत होत्या, "होता ना! पाऊस होता! दोन चादरी भिजल्या, त्याचा निळा शर्टही भिजला. मी इतकी चिडले होते त्याच्यावर. सकाळी तोच म्हणाला होता, घाल बाहेर, आज कोरडं राहील." मग हसू ओसरलं. "म्हणजे त्याच्या लक्षात आलं होतं. मला इतकी वर्षं वाटायचं, मी घरात त्याच्यावर चरफडत होते आणि तो तिकडे... आणि तो मात्र कपड्यांचा विचार करत होता."

मरायकाबाई ताठ बसून होत्या. त्यांचे ओठ हलले.

"पाऊस होता," त्या म्हणाल्या. "दोन चादरी भिजल्या. निळा शर्टही."

"बरोबर," आनेका म्हणाल्या.

निघताना आनेकांनी दारात त्यांचा हात धरून ठेवला. "त्याचा आवाज कसा होता?"

"घरी निघालेल्या माणसाचा," बाई म्हणाल्या.

परत येताना बांधावर थांबायची जागा आहे तिथे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरल्या आणि वाऱ्यात कोटाची कॉलर धरून बराच वेळ पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी गाडीतच बसले. त्यांच्याजवळ जावं असं वाटत होतं, पण ती जागा माझी नव्हती.

मला वाटलं होतं आता या दोघींची मैत्री होईल. त्या वर्षी बाई आगगाडीने दोनदा फ्रीसलंडला गेल्याही. मग जाणं थांबलं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आमच्यात एकच वाक्य होतं, इंडिया. ते पोचलं. पुढे आम्ही दोघी हवेबद्दल बोलत बसतो." त्यात कडवटपणा नव्हता. पण त्या हिवाळ्यात त्या आणखी गप्प झाल्या. इतकी वर्षं जे बाळगलं होतं ते उतरवून ठेवल्यावर त्यांच्या हातांना काय करावं ते सुचत नव्हतं, असं मला वाटायचं. मी अधूनमधून पोहे घेऊन जायची. त्या ते काट्याने खायच्या आणि बशी धुऊन त्याच संध्याकाळी परत आणून द्यायच्या.

पुढच्या शरद ऋतूत बाबांच्या शस्त्रक्रियेसाठी मी पुण्याला गेले. सहा आठवड्यांचं ठरलं होतं. चौथ्या आठवड्यात, दवाखान्याच्या कँटीनमध्ये डबा भरून घेत असताना, निखिलचा फोन आला. बाई सकाळी खुर्चीतच गेल्या होत्या. समोरच्या आजींना पडदा सरकवलेला दिसला नाही म्हणून त्यांनी दार वाजवलं होतं. बाबांना सोडून मला येता आलं नाही. अंत्यविधीला निखिल गेला. माणसं थोडीच होती, तो म्हणाला. आनेका आल्या होत्या, ते जाड भिंगांचे गृहस्थ आले होते. हवाई दलाकडून गणवेशातली एक तरुण मुलगी आली होती, आता त्याच कामावर असलेली. ती निखिलला हळूच म्हणाली की मी यांना कधी भेटले नव्हते, तुम्ही ओळखत होतात का? निखिल म्हणाला, शेजारी होत्या.

म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पुण्याला निघाले त्या सकाळी. निखिल बॅगा गाडीत टाकत होता. बाई त्यांच्या घराला शिडी लावून वर चढल्या होत्या आणि छपराच्या पन्हळीत अडकलेली पानं काढत होत्या. ओली, काळी पडलेली पानं मुठीने उचलून त्या कमरेला बांधलेल्या बादलीत टाकत होत्या. पाठ आमच्याकडे होती. अंगात जुनं निळं स्वेटर होतं आणि वाऱ्याने पांढरे केस एका बाजूला उडत होते. मी कुंपणापाशी गेले. निरोप घ्यायचा होता. पण हाक मारली तर त्या दचकतील, वळतील, तोल जाईल, असं वाटलं. वयाच्या मानाने त्या फारच वर चढल्या होत्या. शिडी धरायला कोणी नव्हतं.

मी क्षणभर उभी राहिले. विमानाची वेळ होत आली होती; निखिलने हॉर्न न वाजवता नुसता हात हलवून बोलावलं. मी हाक न मारता मागे फिरले आणि गाडीत बसले.